आजोबांचं जुनं जर्मन व्हायोलिन, आत स्ट्रॅडिव्हेरियसचं, म्हणजे इटलीच्या त्या नामांकित व्हायोलिन-कारागिराचं, लेबल. ठेवावं की विकावं?

ठेवा. लेबल मात्र विसरा. सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेन आणि आसपासच्या गावांत अशी लेबलं ढिगाने चिकटवली गेली. व्हायोलिन कुणाच्या नमुन्यावर बेतलंय, एवढाच त्याचा अर्थ. खाली 'मेड इन जर्मनी' असेल तर ते बहुधा 1890च्या अमेरिकन जकात कायद्यानंतरचं, कारण त्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या परदेशी मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं.

माझ्या बाबांचं असंच होतं. आमचा दादा त्याला पहिल्यापासून 'नकली' म्हणायचा. बाबा गेल्यावर पुण्याच्या एका पावसाळ्यात त्याची खालची कड सुटली, तर दादाने सुतारकामाचा पांढरा गोंद भरला. मी ओरडले. 'कारखान्यातला माल, त्याला काय होतंय!' मार्चात हवा कोरडी पडली आणि घोडीपासून, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीपासून, खाली चीर गेली. व्हायोलिनला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्याचा डिंक, लावतात तो याचसाठी: लाकूड आक्रसलं की आधी सांधा सुटतो, फळी वाचते. इथे सांधा सुटलाच नाही, फळी फाटली.

दुरुस्तीवाल्या काकांनी वरची फळी उघडली तेव्हा मी शेजारीच बसले होते. बास-बार, म्हणजे वरच्या फळीला आतून आधार देणारी लांब पट्टी, वेगळा चिकटवलेला नव्हता, फळीतूनच कोरलेला. वरच्या कोपऱ्यांत ठोकळे नाहीत, पटाशीचे घाव तसेच. दादाला हाच नकलीपणाचा पुरावा वाटला. पण ही कामं घरोघरी वाटलेली असायची. कुणी नुसते स्क्रोल, म्हणजे मानेच्या टोकाची वळी, कोरायचा, कुणी फळ्या, रोगण तिसराच लावायचा. जे दिसत नाही तिथे घाई व्हायची. लाकूड मात्र खरं: स्प्रूसची सरळ, दाट रेघांची फळी, मागे मेपल. काकांनी फळी आतून तासली, नवा बास-बार घातला, साउंडपोस्ट, म्हणजे दोन फळ्यांमधली आतली उभी काडी, बदलला. बाबांसारखं सा-प-सा-प लावून मी खर्जाच्या तारेवर गज ओढला, आणि वर्षानुवर्षं नाकातून येणारा तो सूर छातीतून आला. मी रडले.

तुमचं तसंच निघेल असं नाही. मान खाली झुकली असेल किंवा लाकडाला कीड असेल तर खर्च परवडत नाही. मिटेनवाल्ड या दुसऱ्या जर्मन व्हायोलिन-गावचं असेल तर आतलं काम बहुतेक वेळा नीटस असतं. किंमत किती, हे उघडून पाहणाऱ्यालाच विचारा, फोटोवरून सांगणाऱ्याला नको.

दादा अजून म्हणतो, दुरुस्तीला व्हायोलिनच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले. गेले. त्यातले निम्मे त्या चिरेचे होते, आणि ती चीर जर्मनांनी पाडली नव्हती.