मानसर की पवनी? एकच दिवस असेल तर

ताई, दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणार, सोबत सत्तरीच्या आई, दुसरा एकच दिवस हाती, आणि त्यात वाकाटकांची, म्हणजे विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याची, राजधानी नि बौद्ध अवशेष दोन्ही पाहायचे, असं तुम्ही विचारलंय. मी रामटेक तालुक्यातलाच. माझं सांगणं: मानसरला या.

नागपूर-जबलपूर रस्त्यावर कामठी, कन्हान करत मानसर येतं. रामटेकची एसटीही इथूनच जाते. सकाळी लवकर निघा, कारण जिथे अवशेष आहेत त्या हिडिंबा टेकडीवर सावली जवळपास नाही आणि ऑक्टोबरातलं ऊन आईंना सोसणार नाही.

टेकडीवर गेल्यावर फोटो नंतर काढा, आधी एका विटेला हात लावा. माझी पूर्ण वीत लावली तरी जवळपास तेवढीच वीट पुढे उरते. सकाळी ती गार असते, सांध्यात शेवाळ धरलेलं असतं. अशा विटांचे थरांवर थर आहेत. मागे एका पोराने खिशात तुकडा घातला होता; त्याला बसवून समजावलं, तेव्हा त्याने स्वतःच परत ठेवला. तुमच्यासोबत मुलं असतील तर आधीच सांगून ठेवा, हात जोडून विनंती.

1990च्या दशकाच्या अखेरीस भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या पुढाकाराने इथे मोठं उत्खनन सुरू झालं. टेकडीवरचं बांधकाम म्हणजे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं शिवमंदिर, प्रवरेश्वर, असं बरेच अभ्यासक मानतात. त्याखाली त्याहून जुना बौद्ध थर असल्याचं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं, ते सगळ्यांना मान्य नाही. प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजे मानसर, हेही एकमताचं नाही, इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी ते वर्ध्याजवळचं पवनार मानलं होतं. माझ्या मते हा वाद ऐकूनच टेकडी चढावी. वाकाटक राजे बहुतेक शैव, पण त्यांच्याच वाशीमच्या शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं बौद्ध भिक्षूंसाठी कोरवून घेतलं. आपल्या विदर्भात या दोन्ही गोष्टी एकाच काळात, एकाच सत्तेखाली नांदल्या, याचा मला फार अभिमान वाटतो.

आईंना चढ नको असेल तर त्यांना तलावाच्या बाजूच्या, राजवाड्याच्या मानल्या जाणाऱ्या अवशेषांकडे न्या.

दुपारी नगरधन करा. हेच जुनं नंदिवर्धन, प्रवरपुराआधीची राजधानी. आज दिसतो तो किल्ला बराच नंतरचा आहे, त्यामुळे किल्ला बघून वाकाटक कळणार नाहीत. पण 2015 ते 2018 दरम्यानच्या उत्खननात इथे वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा, म्हणजे शिक्का, मिळाली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक, नवरा गेल्यावर लहान मुलाच्या नावाने तिने राज्य सांभाळलं. रस्त्याला दोन्हीकडे धानाच्या बांध्या, लोंब्या भरत आलेल्या. आईंना तेच जास्त आवडेल कदाचित.

रामटेकचा गड त्याच दिवशी कोंबू नका.

पवनीसाठी वेगळा दिवस काढा, उमरेड-भिवापूर मार्गे. वैनगंगेकाठचं ते गाव, तीन बाजूंनी जुना तट नि खंदक; जगन्नाथ टेकडीवरच्या स्तूपाचं उत्खनन 1969-70 मध्ये झालं. तेवढा वेळ नसेल तर परतीच्या आधी नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, पवनीचा छायास्तंभ (स्मृतिस्तंभ) तरी पाहा, महाक्षत्रप (शक राज्यकर्त्याची पदवी) कुमार रुपिअम्माचा. सोमवारी अजबबंगला बंद असतो, तेवढं बघून तिकीट काढा.