24 व्या वर्षी केस मागे चाललेत, कारण काय? बोअरचं पाणी, हेल्मेट की मामाकडून आलं?

पाणी आणि हेल्मेट सोडून दे भाऊ. पाणी आख्ख्या डोक्यावर पडतं, हेल्मेट कानावरही दाबतं, मग मागचे न् कानावरचे केस काऊन शाबूत राहतात? बोअरच्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण असं कोपऱ्यातून टक्कल पडत नाही.

मामावाल्या गोष्टीवर मात्र मला बोलायचंच आहे. माझे केस कॉलेज संपता संपता गेले आणि नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी सगळा बोल आईला लागला. तिचे वडील टकले, भाऊ टकले, म्हणून आत्या येता जाता म्हणायची, "वहिनी, तुमच्या माहेरचं देणं आहे हे." चुलत बहिणीच्या साक्षगंधात पंगत बसलेली, आई वडाभातावर फोडणीचं तेल वाढत होती आणि मुलाकडच्या बायकांसमोर आत्या बोलली, वहिनींनी आहेरात हेच आणलं. आई काही बोलली नाही, वाटी घेऊन पुढच्या पानावर गेली. मला ते आजही सहन होत नाही.

आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, कायम पांढऱ्या टोपीत, त्यांचं उघडं डोकं आम्ही पोरांनी पाहिलंच नव्हतं. मग एका दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेत त्यांचा फोटो सापडला, रामटेकला अंबाळा तलावावर अंघोळ झाल्यावरचा. टोपी नाही, माथा पूर्ण साफ, कानामागे तेवढी झालर. मी तो त्याच दिवशी आत्याच्या हातात नेऊन दिला.

आता विज्ञान काय म्हणते ते ऐक. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून शरीरात डीएचटी बनतं, ते ज्या मुळांना सोसत नाही तिथला केस दर वेळी आधीपेक्षा बारीक न् आखूड उगवतो, शेवटी लव उरते. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टनने 1942 मध्ये दाखवलं की वयात यायच्या आधीच ज्यांचे वृषण गेले त्यांना टक्कल पडत नाही, पण त्यांच्यापैकी घराण्यात टक्कल असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की पडू शकतं. म्हणजे हार्मोनही लागतो न् वारसाही. त्यातला एक मोठा जीन एक्स क्रोमोझोमवर असतो आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, आत्याचं एवढंच खरं. पण 2017 मध्ये ब्रिटनमधल्या 52 हजारांवर पुरुषांचे जीन तपासले तर टक्कलाशी संबंध असलेल्या 287 जागा सापडल्या, त्यातल्या 40 एक्सवर. बाकीच्या बापाकडूनही येतात, आईकडूनही. एकट्या मामाला धरून बसणारे अर्धंच बोलतात.

उपायाचं म्हणशील तर लवकर सुरू केलं तर मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड या औषधांनी असलेले केस टिकतात, काहींना थोडे परतही येतात. सोडलं की पुन्हा जातात. फिनास्टेराइडने काहींची लैंगिक इच्छा कमी होते, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून नको, स्किनच्या डॉक्टरला दाखवूनच घे. आणि हो, डेंगू, टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, ते वेगळं, बहुतेक वेळा परत येतात. गोल चट्टे पडत असतील तर तेही वेगळं, थायरॉइडही एकदा तपासून घे.

आणि घरच्यांना हे 287 न् 40 सांगशील तेव्हा आई समोर बसलेली असताना सांग.