ओट्यावरचे दोन कप

बडोद्याहून, दांडिया बाजारातून आलेले पत्र चार पानांचे आहे. त्यातला आवश्यक भाग असा :

“आदरणीय ताई, माझे वय ६४, यांचे ६९. गेल्या मार्चमध्ये यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन घरात चालतात, बोलणे थोडे जड झाले आहे, पण उजव्या हाताची बोटे जेमतेम हलतात. आंघोळ, कपडे, जेवण भरवणे, सगळे मीच करते. एकुलता एक मुलगा पुण्यात आहे. दोन महिन्यांतून एकदा येतो आणि दोन दिवसांत परत जातो. सून दर रविवारी फोन करते, पण ‘बाबा आता स्वतःचे काय काय करतात?’ एवढेच विचारते, माझी चौकशी कधी करत नाही. फिजिओथेरपी चालू आहे. डॉक्टरांनी एका व्यवसायोपचार करणाऱ्या मुलीलाही पाठवले होते, पण यांना निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, आता कसला व्यवसाय? ती यांना वाटाणे सोलायला आणि कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला सांगत असे. हे बँकेत अधिकारी होते हो! दोन महिन्यांनी मी तिला येऊ नको म्हणून सांगितले. हे दिवसभर गप्प असतात आणि मधूनच चिडतात. परवा तर पहाटे मी उठायच्या आत ओट्यापाशी गेले, दोन कप मांडले आणि गाळताना सगळा चहा सांडला. तेव्हापासून गाळणी मी वरच्या फळीवर ठेवली आहे. आता सांगा, हे घर विकून पुण्याला मुलाजवळ जावे का? आणि मुलाला त्याचे कर्तव्य कसे समजावावे?”

प्रिय वहिनी,

तुमच्या पत्रातली अडीच पाने मुलासाठी आहेत आणि त्याच्याबद्दल मी शेवटी दोन-चार वाक्ये लिहीन. त्याहून अधिक लिहिण्यासारखे त्यात मला काही सापडले नाही. मी अडकले ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन शब्दांपाशी : दोन कप. ज्याला स्वतःला चहाची तल्लफ आली आहे, तो एक कप काढतो. तुमचे यजमान अंधारात काठी टेकत स्वयंपाकघरात गेले, एकाच धड हाताने पातेले, चहा, साखर जमवली आणि ओट्यावर दोन कप मांडले. दुसरा कप कोणासाठी होता हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तरीही तुमच्या पत्रात ते वाक्य सांडलेल्या चहाची तक्रार म्हणून आले आहे. मी पैजेवर सांगते, मार्चच्या आधी पहाटेचा पहिला चहा त्यांच्याच हातचा असणार, पुदिना आणि लीली चहा, म्हणजे आपला गवती चहा, घालून केलेला. दहा महिन्यांनी त्यांनी आपले काम परत घेण्याचा प्रयत्न केला आणि तुम्ही त्यांची गाळणी त्यांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी नेऊन ठेवलीत.

तुमच्या सेवेचे कौतुक चार लोक करतच असतील, त्यामुळे मी ते करत बसत नाही.

आधी त्या ‘व्यवसाय’ शब्दाचा घोळ मिटवू. व्यवसायोपचारातला व्यवसाय म्हणजे नोकरी किंवा धंदा नव्हे. माणूस सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो, ती सगळी कामे त्या शब्दात येतात. दात घासणे, सदऱ्याची गुंडी लावणे, पानातला घास उचलणे, पासबुकावरच्या नोंदी तपासणे, गच्चीवर पतंगाची फिरकी धरणे, हे सगळे त्यात आले. लहान मुलाच्या बाबतीत खेळणे आणि शाळेचे दप्तर भरणे आले. आजार, अपघात, जन्मतः असलेली अडचण किंवा म्हातारपण यांमुळे ही कामे सुटतात, तेव्हा ती पुन्हा हातात आणून देण्याचे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. ते कालपरवा आलेले फॅडही नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्न करून निंबकरांच्या मराठी घरात आलेल्या कमलाताईंनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू केले, आणि दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, या उपचारकांची जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापक देशांत भारत होता. निवृत्त माणसाला कसला व्यवसाय, असे तुम्ही विचारता. ज्याची कचेरी सुटली आहे, त्याच्याजवळ उरतो तो हाच व्यवसाय.

फिजिओथेरपी चालू आहे हे उत्तमच आहे, ती सोडू नका. पण तिने खांदा किती वर जातो आणि पाऊल किती बळकट पडते हे पाहायचे असते. त्या वर गेलेल्या हाताने सदरा कसा घालायचा, हा प्रश्न त्या मुलीचा होता, जिला तुम्ही येऊ नको म्हणालात. वाटाणे सोलायला लावले म्हणून तुम्हाला कमीपणा वाटला. जरा एक शेंग हातात घेऊन पाहा. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत ती धरावी लागते, नेमक्या जागी दाबावी लागते, दोन्ही हातांनी उलट दिशांना उकलावी लागते, डोळ्यांनी हाताचा माग ठेवावा लागतो, आणि हे सगळे करताना खुर्चीत तोल सांभाळून बसावे लागते. कपड्यांचा चिमटा उघडायला जी चिमटीची ताकद लागते, तीच पुढे गुंडीला आणि किल्लीला लागते. त्या मुलीने तुमच्या घरातल्याच वस्तू निवडल्या, कारण रबरी चेंडू दाबून पुन्हा चेंडूच दाबता येतो. बँकेतल्या अधिकाऱ्याच्या हाताला बोटे पाचच असतात आणि झटका आल्यावर तीही वाटाण्यापासूनच सुरुवात करतात.

न वापरलेल्या हाताचे आणखी एक दुखणे आहे. झटक्यानंतर पहिल्या दिवसांत माणूस त्या हाताने काही करायला जातो आणि फसतो; मग तो दुसऱ्या हाताने भागवतो, किंवा कोणी प्रेमळ माणूस त्याचे सगळे करून टाकते. नंतर हातात थोडी हालचाल परत आली तरी तो हात वापरायचा नाही, हेच मेंदूने शिकून घेतलेले असते. एडवर्ड टॉब या अमेरिकी संशोधकाने याच गोष्टीचा पाठपुरावा करून एक उपचार बसवला, ज्यात चांगल्या हाताला दिवसाचा बराच वेळ मोजा घालून बाजूला ठेवतात आणि अधू हाताकडून तासन्‌तास रोजची कामे करून घेतात. तो प्रत्येकाला लागू पडत नाही आणि तुम्ही घरच्या घरी यजमानांचा डावा हात बांधायला मुळीच जाऊ नका. मी तो सांगितला, कारण तुमच्या घरात नेमके याच्या उलट चालले आहे. त्यांचा डावा हात शाबूत असताना तुम्ही घास भरवता, म्हणजे तुम्ही अधू हाताबरोबर चांगल्या हातालाही निवृत्त केले आहे. डाव्या हाताने जेवू नये ही आपल्या घरांतली शिकवण तुमच्या आड येत असेल तर ती बाजूला ठेवा; आणि उजव्या हातातच चमचा द्यायचा असेल तर त्याच्या दांड्याला फडक्याची जाड गुंडाळी करा, म्हणजे पुरती मूठ न वळणारी बोटेही तो धरू शकतील. सदरा घालताना आधी अधू हात बाहीत, काढताना तो सर्वांत शेवटी, एवढा क्रम पाळला तरी तुमचे काम अर्ध्यावर येईल.

अशा उपचाराची सुरुवात साधारणपणे एका प्रश्नाने होते : तुम्हाला स्वतःला काय करता यायला हवे आहे? त्या मुलीने पहिल्या दिवशी तो विचारला असणार, आणि मला दाट शंका आहे की उत्तर यजमानांनी न देता तुम्ही दिलेत, त्यांना काही नको, बरे व्हावेत एवढेच, अशा धर्तीचे. बोलणे जड झालेल्या माणसाच्या वतीने बोलायची आपल्याला फार घाई असते. त्यांनी त्यांचे उत्तर परवा पहाटे दिले आहे. त्यांना चहा करायचा आहे, आणि तो तुम्हाला द्यायचा आहे.

माझा आवाज चढला असेल तर त्याला कारण आहे. माझ्या आईची बोटे संधिवाताने वाकडी झाली, तेव्हा कापेल म्हणून मी तिची विळी माळ्यावर टाकली होती. विळीऐवजी दुसरे काय देता येईल, हे विचारावे असे माझ्या मनातही आले नाही. पुढे ती दाराशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला “मी काही करू का?” असे विचारत असे आणि आम्ही सगळे “तुम्ही बसा” म्हणत असू.

आमच्या शेजारी सात वर्षांचा एक मुलगा आहे, ज्याला गणवेशाच्या गुंड्या लावता येत नसत. आई रोज सकाळी घाईने त्या लावून टाकी. त्याच्या व्यवसायोपचारिकेने तिला सांगितले, की गुंडी तुम्हीच काजात अर्धी सरकवा आणि शेवटचे ओढणे फक्त त्याच्यावर सोडा. मुलाला रोज काम पूर्ण केल्याचे समाधान मिळू लागले, मग आईने हळूहळू एकेक पायरी मागे येत त्याच्यावर सोपवली, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तो पाचही गुंड्या स्वतः लावू लागला. मोठ्या माणसालाही हीच रीत चालते. चहा पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनीच करावा असे नाही. गॅस तुम्ही लावा, उकळी तुम्ही आणा, गॅस बंदही तुम्हीच करा. गाळणे त्यांच्याकडे द्या.

आता चहा का सांडला ते पाहू. गाळणे हे दोन हातांचे काम आहे, एका हाताने पातेले कलते करायचे आणि दुसऱ्याने गाळणी स्थिर ठेवायची. त्यांच्याजवळ एक हात होता, बहुधा पातेले सांडशीत धरलेले, आणि कप ओट्यावर सरकत होते. म्हणून कपावर आपली आपण टेकून राहील अशी गाळणी आणा. लांब दांड्याचे हलके, लहान पातेले घ्या आणि त्यात एका वेळी एकाच कपाचा चहा असू द्या. खोलगट थाळीत ओले फडके घडी करून पसरा आणि त्यावर कप ठेवा. ओल्या फडक्यावर कप घसरत नाही आणि सांडलेच तर थाळीत सांडते. त्यांना उभे न करता ओट्याच्या उंचीला साजेशा, पाठ असलेल्या भक्कम आसनावर बसवा. उजवा हात थाळीच्या काठावर, गरम भांड्यापासून दूर, पण त्यांच्या डोळ्यांसमोर राहू द्या. त्याला थाळी धरून ठेवण्याचेच काम द्या. हा सावधपणा महत्त्वाचा आहे, कारण झटक्यानंतर त्या हाताची संवेदना कमी झालेली असू शकते आणि भाजलेले वेळेवर कळत नाही. पहिले आठ दिवस चहाऐवजी गार पाणी गाळायचे. आसनाची उंची, पातेल्याचा दांडा, हाताची ठेवण हे त्यांच्या शरीराला बेतून देणे त्या मुलीचे काम आहे, म्हणून तिला आजच फोन करा, आणि झाल्या गोष्टीबद्दल दोन शब्द चुकल्याचेही बोला.

गप्प राहणे आणि चिडणे हे मात्र चहावर सोडू नका. पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येते आणि त्यावर औषधोपचार आहेत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा.

आता पुणे. घर विकू नका, निदान या वर्षी नाही. ज्या ओट्याची उंची, ज्या डब्यांच्या जागा आणि ज्या न्हाणीचा उंबरा त्यांच्या पायाला आणि हाताला पाठ आहे, तिथेच हे शिकणे सोपे जाईल. नव्या फ्लॅटमध्ये त्यांना दिव्याचे बटणसुद्धा शोधावे लागेल. मुलाला कर्तव्यावर व्याख्यान देण्याऐवजी पुढच्या खेपेला न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवून घ्या, ती कुठे आणि किती उंचीवर हवी हे त्या मुलीला विचारून. दोन दिवसांत तेवढे होते. सुनेबद्दल तुम्ही रागावून लिहिले आहे, पण तुमच्या चार पानांतला सर्वांत शहाणा प्रश्न तिचाच आहे. बाबा स्वतःचे काय काय करतात, हे दर रविवारी विचारणारी ती एकटीच आहे, आणि तुमची चौकशी होत नाही या दुःखात तुम्हाला तिचा प्रश्न ऐकू आला नाही. येत्या रविवारी तिला उत्तर द्या. उत्तरायण, म्हणजे तुमच्याकडची पतंगांची संक्रांत, तोंडावर आले आहे. मुलगा-सून त्या दिवशी येणार असतील तर यजमानांनी खुर्चीत बसून फिरकी धरावी यासाठी काय करता येईल, हेही त्या मुलीच्या कानावर घाला.

गाळणी आज संध्याकाळी खाली काढा. गार पाण्याचे आठ दिवस तुम्ही शेजारी उभ्या राहा, पण हात मागे बांधून. ती मुलगी हरकत नाही म्हणाली, की नवव्या पहाटे चहा उकळून गॅस बंद करा, पातेले त्यांच्या डाव्या हाताला ठेवा आणि बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसा. कोरडे फडके आदल्या रात्रीच त्यांच्या हाताशी ठेवलेले असू द्या, म्हणजे थाळीबाहेर काही सांडले तर पुसायला तुम्हाला आत यावे लागणार नाही.