गोधड्या शिवण्याचं काम घरूनच करणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो?

तुम्ही लिहिलंय की नोकरी सोडून घरच्या घरी गोधड्या शिवायला सुरुवात करायची आहे. घरात शाळकरी मुलगा आहे, कुत्रा आहे, अंगणात थोडी बाग आहे, आणि या सगळ्यातून शिवायला वेळ कुठून काढायचा हे कळत नाही. मी वाईला राहते आणि बरीच वर्षं हेच काम करते आहे. घरात सासूबाई, नवरा, यंदा दहावीला बसलेली मुलगी आणि तांबू नावाचा गावठी कुत्रा. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना मला आमचंच घर दिसलं.

गोधडीचं वेळापत्रक उन्हावर चालतं. दिवसाच्या उन्हावर आणि वर्षाच्याही. आमच्या भागात बायका गोधड्या घेऊन बसत त्या सुगी उरकल्यावर आणि पावसाच्या आधी. तेव्हा शेतात हात मोकळे असतात, जाडजूड सुती कापड धुतलं की एका दिवसात खडखडीत वाळतं, आणि थरांमध्ये ओल अडकून कुबट वास येत नाही. माझेही कामाचे महिने तेच, फाल्गुन ते वैशाख. नेमका तेव्हाच मोगरा धरतो, तेव्हाच बोर्डाची परीक्षा येते. सगळं एकदम येतं, आणि ते तसंच एकत्र ठेवलं तर निभतं असा माझा अनुभव आहे.

सकाळी उजाडता उजाडता तांबूला घेऊन निघते. एरवी आम्ही कृष्णेच्या कडेने जातो, पण हे उत्सवाचे दिवस. कृष्णाबाईचा, म्हणजे नदीचाच, उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीने होतो, मांडव पडतात, पहाटेपासून वर्दळ असते. तांबू गर्दीला बिचकतो, म्हणून या दिवसांत आम्ही शेतांकडचा रस्ता धरतो. तिकडे हळद काढायला आलेली असते. कुठे कायलीत हळद शिजत असली तर वास लांबवर येतो आणि तांबू तिथेच ठाण मांडून बसतो. बांधावर पांगारा आणि काटेसावर बिनपानाच्या फांद्यांवर फुललेल्या असतात. डोंगराकडे नजर टाकली की पळस दिसतो.

पळसाचं फूल हातात घेऊन कधी नीट बघा. पाकळी भडक केशरी असते, पण ती ज्या वाटीतून निघते ती वाटी काळपट, मखमली असते. त्या काळोख्या रंगामुळेच केशरी एवढा उठतो. गोधडीवर भडक ठिगळ लावायचं असेल तर मी त्याच्या भोवती गडद पट्टी देते ती हे बघूनच. नुसतं लाल, पिवळं, हिरवं शेजारी शेजारी मांडलं की डोळा कुठेच टिकत नाही.

फिरणं मला कामाइतकंच गरजेचं आहे. गोधडी जमिनीवर पसरून, तिच्यावर बसून शिवायची असते. मान खाली, एक गुडघा वर. दोन-अडीच तासांनी पाठ बोलायला लागते. तुम्ही कुत्र्याला वेळाची अडचण समजत असाल, तर मला उलट वाटतं. तो ठरलेल्या वेळी दाराशी जाऊन उभा राहतो आणि मला उठावंच लागतं. त्याच्यामुळे माझी कंबर शाबूत आहे. आता उन्हं तापायला लागली की संध्याकाळचं फिरणं उशिरा ठेवते, डांबरी रस्त्याने त्याचे पंजे भाजतात. घरी आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायची, हे या दिवसांत रोजचं.

साधारण दहाला सोप्यावर ऊन तिरपं येतं, तेव्हा मी बसते ते जेवणापर्यंत. गडद कापडावरचा धावदोरा याच उजेडात घालायचा. दुपारनंतर फिकट कापड, काठ दुमडणं, टाचणाचे कच्चे टाके काढणं. रात्री दिव्याखाली मी टाके घालत नाही. रात्री फक्त सुया ओवून ठेवायच्या, आणि ते काम मुलीचं. अभ्यासातून उठली की जाड दोरा घेऊन एकामागून एक नेढ्यातून ओवते आणि उशीला टोचून ठेवते. तेवढा वेळ ती शाळेतलं काहीबाही सांगत असते. दिवसातला माझा तिच्याशी खरा बोलण्याचा वेळ तोच.

सासूबाईंना आता बारीक दिसत नाही, पण कापड हातात घेतलं की त्या सांगतात: हे निव्वळ सुती आहे, यात टेरिकॉट आहे, याची खळ गेलेली नाही. खळ राहिली तर सुई अडते आणि पुढे कसर लागते, म्हणून आलेलं प्रत्येक कापड कढत पाण्यात भिजवून, खळखळून धुऊन, कडक उन्हात वाळवल्याशिवाय मी हात लावत नाही. सिंथेटिक साड्या लोक हौसेने देतात. त्या सुळकन सरकतात आणि घाम टिपत नाहीत. वरचा एक थर तसा चालेल, पण अंगाला लागणारी बाजू सुतीच हवी, हे मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगते.

मापाचा हिशोब सोपा आहे. सहावारी साडी साडेपाच मीटरची, पन्हा साधारण 45 इंच. मधोमध फाडून दोन्ही तुकडे शेजारी शेजारी जोडले की सुमारे साडेसात फूट बाय नऊ फूट कापड होतं, म्हणजे मोठ्या गोधडीची एक बाजू एका साडीत निघते. दोन साड्या खाली-वर, आत जुनी धोतरं, चादरी, सदरे. थर पसरण्याचं काम एकटीने होत नाही. रविवारी नवरा आणि मी चार कोपरे धरून ताणतो, कडांवर पाट-वरवंटा ठेवतो आणि हातभर अंतरावर कच्चे टाके घालून सगळं बांधून घेतो. हे टाचण नीट झालं की अर्धी लढाई जिंकली. आपल्याकडे धावदोरा बाहेरच्या काठापासून सुरू होऊन, कोपऱ्यांत वळत, फेरे घेत मध्यापर्यंत जातो. टाचण ढिलं असेल तर सगळ्या चुण्या शेवटी पोटात गोळा होतात.

हीच पद्धत कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायकांची आहे. त्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्याला गुलाम म्हणून आणलं, पुढे ती माणसं जंगलात जाऊन राहिली. त्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, हीही काठापासून आत शिवली जाते. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. त्याशिवाय कवंदी उघडी वाटते त्यांना. आणि अगदी शेवटच्या ठिगळाखाली तांदळाचे दाणे ठेवतात, तिचं पोट भरलेलं असावं म्हणून. हे कळल्यापासून मीही मधला शेवटचा चौकोन बंद करताना चार दाणे ठेवते. आमच्या घरची ती रीत नव्हती, पण मला ती मनापासून पटली.

आता गिऱ्हाइकांबद्दल, कारण या कामातला सगळ्यात जड भाग तोच आहे. नवं कापड घेऊन कोणी गोधडी शिवायला येत नाही. येतात ते गेलेल्या माणसाचं गाठोडं घेऊन. गेल्या उन्हाळ्यात एक बाई आईची नऊवारी लुगडी घेऊन आल्या. बोलणं झालं, माप ठरलं, पैसे ठरले, पण गाठोडं सोडवेना त्यांच्याने. मी चहा ठेवला. मग म्हटलं, पहिलं लुगडं तुम्हीच फाडा. सुती कापड कात्रीने कापायचं नसतं. काठाला छोटी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी सरळ फाडायचं, म्हणजे ते उभ्या-आडव्या धाग्याला धरून फाटतं. त्यांनी फाडलं. तो आवाज मोठा येतो. नंतर त्या बराच वेळ अंगणात तांबूच्या पाठीवरून हात फिरवत बसून होत्या. मी मध्ये बोलले नाही. पदर तेवढे अख्खे राहू देत म्हणाल्या, तसे ते मी उशाच्या बाजूला लावले. यात सोयही आहे: उशाकडची बाजू ओळखू आली की पायाकडची कधी तोंडावर येत नाही.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यू यॉर्कच्या संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांतली एक मिसुरी पेटवे या बाईने 1942 मध्ये शिवलेली आहे. नवरा गेला, त्याचे शेतावरचे कामाचे कपडे तिने उसवले आणि पांघरायला गोधडी केली. तिचं चित्र मी पाहिलंय. विटलेला निळा, मातकट. अशा कापडाला नुसतं कापड म्हणून हात लावता येत नाही. हे तुम्हाला झेपणार असेल तरच दुसऱ्यांच्या गोधड्या घ्या, असं माझं मत आहे. वेळ कसाही निघतो.

पैशांचं थोडक्यात: मी माप आणि धावदोऱ्याची दाटी बघून सांगते. बोटभर अंतरावर ओळी असतील तर जास्त, दोन बोटांवर असतील तर कमी. मोठी हाताची गोधडी घरकाम सांभाळून तीन आठवडे ते महिनाभर घेते. मशीनवर ती एका दिवसात होते, म्हणून गिऱ्हाईक दोन्हींच्या किमतीची तुलना करतं. मशीनच्या गोधडीला मी नावं ठेवत नाही, पण ती ताठ राहते; हाताची धुण्यागणिक मऊ पडते. हे एकदा हातात देऊन दाखवलं की घासाघीस कमी होते.

बागेचं म्हणाल तर आमची बाग म्हणजे मागचं परस. मोगरा थंडीत छाटून पाणी तोडलं होतं, आता फुटीबरोबर कळ्या दिसतायत. मोरीच्या पाण्यावर अळू, एक कढीपत्ता, कोपऱ्यात आंबा. जास्वंदीला या दिवसांत पिठ्या ढेकूण हमखास येतो. निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण पाण्यात घुसळून संध्याकाळी फवारते. तिच्याच एका फांदीवर शिंपी पक्ष्याने मागे पानं शिवली होती. चोचीने भोक पाडून कापूस आणि कोळ्याचा धागा ओढून घेतो तो. माझ्या सोप्यावरचे दोऱ्याचे बारीक तुकडे पळवायला येतो, म्हणून ते मी मुद्दाम कुंपणावर अडकवून ठेवत असे. लांब दोरा मात्र ठेवू नका, पिलांच्या पायात अडकतो.

कुत्रा असलेल्या घरात काही गोष्टी सक्तीने पाळाव्या लागतात. उठताना सुया मोजून उशीला टोचायच्या, दोऱ्याचे तुकडे डब्यात टाकायचे. गिळलेला दोरा कुत्र्याच्या आतड्यात अडकला तर जिवावर बेततं. गोधड्या ठेवताना डांबराच्या गोळ्या वापरू नका, त्या कुत्र्याने खाल्ल्या तर विष आहे. मी चैत्रात कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून जुन्या मलमलीच्या पुरचुंड्या करते, त्या घड्यांत ठेवते. कण्हेर तर मी तांबू आला त्याच वर्षी काढून टाकली. तुमच्या बागेत असेल तर कुत्रा पोहोचेल अशा ठिकाणी नको.

गुढीपाडव्यानंतर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका येतात. पन्हं आणि डाळ झाली की कोणीतरी म्हणतंच, आण तुझी गोधडी. मग चार बाजूंना चौघी बसतात आणि एकेक फेरा घालतात. प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो, कोणाचा लांब, कोणाचा दाणेदार. गिऱ्हाइकाच्या गोधडीवर मी हे करू देत नाही, पण घरासाठी एक कायम अर्धवट ठेवलेली असते, ती अशीच भरत जाते. सासूबाईही त्या दिवशी सुई हातात घेतात. ओळ वाकडी गेली तरी ती मी उसवत नाही.

तुम्ही सुरुवात दुपट्यापासून करा. ओळखीत कोणाच्या घरी बाळ येणार असेल तर उत्तम. हात दीड हात लांबीचं, दोन थरांचं, आजीच्या वापरून मऊ झालेल्या सुती साडीचं किंवा जुन्या धोतराचं. पांढरा दोरा घ्या, म्हणजे टाका सारखा पडतोय का ते दिसेल. मधल्या बोटात अंगुस्तान घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आणि गाठ थरांच्या आत लपवा, वर ठेवू नका. बाळाच्या कातडीला ती टोचते.