टॅब पिशवीत टाका, बाहेर पडा

दिवाळी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत टॅबचे प्रश्न वाढतात. कुणाला भाऊबीजेला मिळालेला असतो, कुणाला मुलाने परदेशातून पाठवलेला, कुणी स्वस्तात जुना घेतलेला. यंदाची बरीचशी पत्रं पुणे आणि पिंपरी-चिंचवडची आहेत, म्हणून उत्तरंही इथल्याच गल्ल्यांतली देते. गेली चोवीस वर्षं मी नारायण पेठेत संगणकाचे वर्ग घेते आहे. टॅब घरात एकट्याने बघत बसायची वस्तू नाही, हे मला मनापासून वाटतं, आणि ते पुढच्या उत्तरांत तुम्हाला जाणवेलच.

प्रश्न : ताई, मुलगा सातवीत आहे. मोठ्या मुलीसाठी लॉकडाउनमध्ये घेतलेला टॅब आता त्याच्या ताब्यात आहे. दिवसभर दुसरे लोक गेम खेळतात त्याचे व्हिडिओ बघतो. काढून घेतला तर जेवत नाही. काय करू? – एक आई, चिंचवड

काढून घेऊ नका, त्याला काम द्या. ‘फायफॉक्स’ नावाचं एक मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं. टॅबच्या आत जे सेन्सर असतात त्यांची मोजमापं ते आलेख काढून दाखवतं. टॅब आडवा केला की चित्र फिरतं ना, ते त्वरणाच्या सेन्सरमुळे. म्हणजे अगदी साध्या टॅबमध्येही तो असतोच.

रविवारी त्याला घेऊन पीसीएमसी स्टेशनवर मेट्रोत बसा. टॅब मांडीवर सपाट ठेवा, एक कड बरोबर गाडीच्या दिशेला. अ‍ॅपमध्ये गुरुत्वाकर्षणासकट त्वरण मोजणारा प्रयोग निवडा. तीन रेघा दिसतील. त्यातली एक ९.८च्या आसपास ठाण मांडून बसलेली असेल, ती पृथ्वीची ओढ. उरलेल्या दोनपैकी गाडीच्या दिशेची जी आहे तिच्याकडे लक्ष ठेवायचं.

हे मी शेजारच्या मुलीबरोबर करून पाहिलं आहे. कासारवाडी सुटलं तशी ती रेघ एका बाजूला उचलली गेली. गाडीने वेग घेतला आणि रेघ हळूहळू शून्यावर आली. फुगेवाडीला ब्रेक लागले तेव्हा ती दुसऱ्या बाजूला गेली. पोर आलेखाकडे बघत होती. मग म्हणाली, “मावशी, गाडी तर जोरात चाललीये, मग हे शून्य का?” मी उत्तर दिलं नाही. दापोडी गेलं, बोपोडी गेलं. खडकीच्या आधी तिचं तिलाच सुचलं, की हे यंत्र वेग मोजत नाही, वेगातला बदल मोजतं. नववीच्या पुस्तकात हे वाक्य छापलेलं असतं आणि मुलं ते पाठ करतात.

परत फिरायच्या आधी कसबा पेठ स्टेशनला उतरा आणि चालत बुधवार पेठेत जा. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून एक आर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम घालता येणारी छोटी सर्किट-पाटी), ब्रेडबोर्ड (वायरी खोचून सर्किट जोडायची पाटी), मूठभर एलईडी, रेझिस्टर, जंपर वायर आणि बोर्ड टॅबला जोडायला ओटीजी केबल घ्या. आर्डुइनोला लॅपटॉपच लागतो असं नाही, अँड्रॉइड टॅबवरूनही त्यात प्रोग्रॅम घालता येतो. दुकानात बोलायचं काम त्यालाच करू द्या. काउंटरवरच्या माणसाला “दोनशे वीस ओहमचे दहा द्या” असं स्वतः सांगितलेलं पोर घरी येऊन ते जोडल्याशिवाय राहत नाही.

आणि २८ फेब्रुवारीची, राष्ट्रीय विज्ञान दिनाची तारीख राखून ठेवा. नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात त्या सुमारास विज्ञान प्रदर्शन भरतं, गावोगावच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ती दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपते. मोबाइल आणि टॅबमधून निघणाऱ्या लहरींचा तिला अडथळा होतो. तिथे टॅब बंद करून पिशवीत ठेवायचा आणि तो का बंद ठेवायचा हे त्याला आधी घरीच सांगायचं.

प्रश्न : एका दुकानातून जुना टॅब घेतला. घरी येऊन रीसेट केला तर आता कुणाचा तरी आधीचा गूगल आयडी मागतो आहे. दुकानदार म्हणतो, पाचशे रुपये द्या, तोडून देतो. – एक वाचक, हडपसर

देऊ नका. हे कुलूप चोरीच्या वस्तू वापरता येऊ नयेत म्हणून अँड्रॉइडमध्ये २०१५पासून आहे, आणि ते उघडायचा सरळ मार्ग एकच : मूळ मालकाने स्वतःचा आयडी आणि पासवर्ड घालणं. दुकानदाराकडे मालकाचा नंबर असायला हवा. नसेल तर वस्तू परत करा आणि पैसे मागा, बिल नसलं तरी ठामपणे मागा.

पुढच्या वेळी दुकानातच, तुमच्या डोळ्यांदेखत, सेटिंगमधून रीसेट करायला लावा आणि सगळी मांडणी होऊन मुख्य पडदा दिसेपर्यंत तिथून हलू नका. टॅब सिमवाला असेल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राचा ओळख-क्रमांक काढा आणि केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा, मग तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ला पाठवा. तो क्रमांक काळ्या यादीत आहे का ते कळतं. अजून एक : टॅब काचेच्या काउंटरवर पालथा नाही, उताणा ठेवा आणि कोपऱ्यावर बोट दाबा. पाठ सपाट असूनही डुगडुगला तर आत बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे. तो फुकट दिला तरी घेऊ नये.

प्रश्न : मॅडम, मी बीड जिल्ह्यातला. शिवाजीनगरला बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉट बेसिसवर राहतो. लॅपटॉप घ्यायची परिस्थिती नाही. मामांनी दहा इंची टॅब आणि ब्लूटूथ कीबोर्ड दिला आहे. यावर प्रोग्रॅमिंग शिकता येईल का? आणि पुण्यात टेक लोकांच्या मीटअप होतात म्हणे, तिथे माझ्यासारख्याने जावं का? इंग्रजी बोलताना अडखळतो.

दोन्हीचं उत्तर हो. आधी टॅबचं सांगते.

‘टर्मक्स’ नावाचं अ‍ॅप घे. ते एफ-ड्रॉइड या मोफत अ‍ॅपच्या भांडारातून घे, प्ले स्टोअरवरची आवृत्ती बराच काळ मागे पडलेली होती. त्यात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि प्रोग्रॅममधले बदल नोंदवून ठेवणारं गिट बसतं, आणि लिनक्सच्या आज्ञांची बोटांना सवय होते. नेट असेल तेव्हा ब्राउझरमध्ये गूगलचं कोलॅब उघड. तिथे प्रोग्रॅम चालतो दूरच्या संगणकावर, तुझा टॅब फक्त खिडकीचं काम करतो, त्यामुळे रॅम कमी असली तरी अडत नाही. अडेल ते अ‍ॅप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओसारख्या जड गोष्टींना. त्या कॉलेजच्या लॅबमध्ये कर, लॅब सुटायच्या वेळेपर्यंत बस. पहिलं वर्षभर तुला टॅब पुरेल, हे मी माझ्या वर्गातल्या मुलांकडे बघून सांगते.

आता मीटअप. पुण्यात पायथनवाल्यांचा गट आहे, लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे, वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा आहे. २०१७ साली इथे पायकॉन पुणे ही परिषद झाली, त्यामागेही अशीच स्वयंसेवक मंडळी होती. भेटी बहुतेक शनिवारी, कुठल्या तरी कंपनीच्या किंवा कॉलेजच्या सभागृहात होतात. साधारणपणे पैसे पडत नाहीत, पण आधी नेटवर नाव नोंदवावं लागतं. गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं, कॉलेजचं चालतं. जायच्या आधी पत्ता नीट बघ. शिवाजीनगरहून हिंजवडीला संध्याकाळी निघालास तर पहिलं भाषण रस्त्यातच संपेल.

भाषणं इंग्रजीत असतात, खरं आहे. पण मधल्या चहाच्या वेळेला उभं राहून ऐक. निम्मी मंडळी मराठी-हिंदीवर आलेली असतात, आणि खरी माहिती तिथेच मिळते : कोण इंटर्न घेतंय, कुठलं पुस्तक वाचावं, कुठली चूक करू नये. पहिल्या दिवशी तू एवढंच म्हण, “मी नवीन आहे, टॅबवर पायथन शिकतोय.” टॅबवर म्हटलंस की दोघंतिघं जवळ येतीलच. अशा लोकांना दुसऱ्याने जुगाड कसा केला हे बघायची फार हौस असते.

इंग्रजीचं मनातून काढ असं मी म्हणणार नाही, शिकावं लागेलच. पण एक लक्षात घे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली, कारण अमेरिका आपल्याला महासंगणक द्यायला तयार नव्हती. १९९१ मध्ये तिथे ‘परम ८०००’ उभा राहिला. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं त्या विजय भटकरांचा जन्म अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातला. बीड काही वेगळ्या देशात नाही. आणि तुझं मराठी हे या लोकांत तुझं भांडवल आहे. वर्डप्रेससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात. ते काम ब्राउझरमध्ये होतं, टॅबवर होतं, आणि त्यातून तुझं नाव त्या प्रकल्पाच्या नोंदीत राहतं. नोकरीच्या मुलाखतीत ‘काय केलंस’ विचारतात तेव्हा दाखवायला काहीतरी हातात असतं.

काही अडलं तर पुन्हा लिही. शनिवारी सकाळी माझा वर्ग रिकामा असतो, तिथल्या मोठ्या पडद्यावर काम करायला ये, फी नाही.

प्रश्न : ताई, वय ७१, निवृत्त मराठी शिक्षिका, कोथरूड. मुलाने सॅन होजेहून टॅब पाठवला. रविवारी नातीशी बोलते, एरवी तो कपाटात. एवढी महागाची वस्तू पडून आहे याचं वाईट वाटतं. मला यावर करण्यासारखं काही आहे का? डोळे आता बारीक अक्षराला दाद देत नाहीत.

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्यासारख्या व्यक्तीची वाट बघणारं एक काम आहे आणि ते करायला माणसं फार कमी आहेत.

मराठी विकिस्रोत नावाचं संकेतस्थळ आहे, विकिपीडियाचंच भावंड. लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं उलटली की आपल्याकडे पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. अशा जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन करून तिथे चढवतात. मग यंत्र त्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करतं. यंत्र चुकतं. जुना टाइप, फिकट शाई, पानावर वाळवीचं भोक. म्हणून प्रत्येक पान माणसाने तपासावं लागतं.

पडद्यावर एका बाजूला मूळ पानाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने काढलेला मजकूर दिसतो. न तपासलेलं पान लाल असतं. तुम्ही तपासलंत की पिवळं होतं. मग दुसऱ्या कुणीतरी पुन्हा वाचून खात्री केली की हिरवं. एकाच माणसाने दोन्ही शिक्के मारायचे नाहीत, हा नियम.

यंत्राने केलेली एक चूक सांगते, म्हणजे तुम्हीच का हव्यात ते कळेल. ‘आचाऱ्याला बोलावले’ हे वाक्य त्याने ‘आचार्याला बोलावले’ असं उतरवलं होतं. पंगत बसायची होती आणि स्वयंपाकी सोडून गुरूला बोलावणं गेलं! दोन्ही शब्द बरोबर, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारी कुठलीही सोय इथे चूक दाखवत नाही. पुढचं-मागचं वाचणारी मराठीची बाईच ती पकडते. दुरुस्ती अशी : कीबोर्डवर खाली टिंब असलेला ‘ऱ’ शोधा, त्याला हलन्त लावा, मग ‘य’. इनस्क्रिप्ट पद्धतीचा कीबोर्ड जोडलात तर हा ‘ऱ’ शिफ्ट आणि जे दाबून येतो.

डोळ्यांचं म्हणाल तर इथे टॅबचा मोठाच फायदा आहे. दहा इंची पडदा उभा धरला तर साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच भरतो. आपलं डेमी आकाराचं पुस्तकही तेवढंच. म्हणजे पानाचं चित्र एकटं उघडलं तर ते जवळजवळ मूळ आकारात दिसतं, फोनवर करावी लागते तशी सरकवासरकवी नाही. बारीक वाटलं तर दोन बोटांनी मोठं करा. सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली अक्षराचा आकार वाढवून ठेवा, पडद्याचा उजेड थोडा कमी करा. टाइप करायचा कंटाळा आला तर कीबोर्डवरच्या माइकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठीत बोला. गूगलला २०१७पासून मराठी बोललेलं कळतं, जोडाक्षरं मात्र नंतर तपासा.

घरी एकटीने सुरू करणं जड वाटेल, म्हणून पुढच्या बुधवारी चार वाजता टॅब आणि चार्जर घेऊन वर्गावर या. नाव नोंदवायला दहा मिनिटं लागतात. कोथरूडहून वनाज किंवा आनंदनगरला मेट्रोत बसा, डेक्कनला उतरा, तिथून पूल ओलांडला की नारायण पेठ. तुम्ही एक पान पिवळं करा. ते हिरवं करायला मी शेजारच्या खुर्चीवर असेन.