नमाजात रकात (नमाजाचे एक पूर्ण आवर्तन) तीन झाल्या की चार, हेच आठवत नसेल तर काय करावे?

शाफई (सुन्नी मुस्लिमांच्या विधिपरंपरांपैकी एक) असाल तर कमी आकडा धरा: तीन समजून चौथी पूर्ण करा आणि सलाम फेरण्याआधी (नमाज संपवताना मान वळवून सलाम म्हणण्याआधी) सह्वचे, म्हणजे विसरीच्या भरपाईचे, दोन सजदे (कपाळ जमिनीला टेकवणे) करा. हनफी या दुसऱ्या सुन्नी परंपरेत अशी शंका क्वचितच येणाऱ्याने नमाज नव्याने पढावी. वारंवार येत असेल तर मन ठामपणे झुकते तो आकडा घ्यावा. मनाचा कौलच मिळाला नाही तर कमी आकडा. हनफींमध्ये सह्वसाठी अत्तहिय्यातनंतर (बसून म्हणायच्या पाठानंतर) उजवीकडे एक सलाम, दोन सजदे, पुन्हा अत्तहिय्यात, दरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना), दुआ आणि मग सलाम. सलामानंतर आलेली नुसती शंका सोडून द्या, तिच्यामागे लागलात तर वसवसा (मनाला सतत छळणारी शंका) वाढतो.

गोंधळाचे मूळ बहुधा घाईत असते. रुकूतून (कमरेतून वाकलेल्या स्थितीतून) उठल्यावर पाठ पुरती सरळ होऊ द्या, दोन सजद्यांमध्ये नीट बसा. ज्या रकातींत फातिहानंतर (कुराणाच्या पहिल्या सूरेनंतर) आणखी सूरा पढली जाते, त्यांत प्रत्येक वेळी वेगळी सूरा पढलीत तर मोजणीही सोपी जाते.