टी-टेस्ट की मॅन-व्हिटनी हे नंतर बघू, आधी फॉर्म कुणी भरले ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा: इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या तीन शाखा, ग्राहकांनी भरलेले २१२ फॉर्म, २३ प्रश्न, 'अत्यंत असमाधानी' ते 'अत्यंत समाधानी' अशा पाच पायऱ्या. टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना) लावू की मॅन-व्हिटनी (आकडे क्रमानं लावून त्या क्रमांची तुलना)? गाईड एक सांगतात आणि यूट्यूब दुसरंच.

मी असल्या प्रश्नांना सहसा उत्तर देत नाही. एमबीएच्या प्रोजेक्टांचा मोसम आला की हा प्रश्न आठवड्याला एकदा पडतोच. पण मॅन-व्हिटनी हे नाव दिसलं की मला एक माणूस आठवतो, म्हणून लिहायला बसलो. लांबणार आहे.

आधी सरळ उत्तर देऊन मोकळा होतो. दोन्ही लावून बघा. शाखेमागं सत्तर-सत्तर फॉर्म असले तर दहातल्या नऊ वेळा दोन्ही एकच निकाल देतील. तीन शाखा एकदम तुलनेला घ्यायच्या तर ॲनोव्हा (टी-टेस्टचीच अनेक गटांची बहीण), नाहीतर क्रुस्कल-वॉलिस (मॅन-व्हिटनीची तशीच). झालं. गाईडची सही मिळेल.

आता खरं काय ते.

शिवाजी विद्यापीठातून स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करून २०१७ साली मी कोल्हापुरातल्या एका चारचाकीच्या डीलरकडं एमआयएसला लागलो. एमआयएस म्हणजे एक्सेल, आणि एक्सेल म्हणजे मालकाला सकाळी साडेनऊला लागणारा तक्ता. वर्कशॉपला चार सर्व्हिस ॲडव्हायझर. तिघं माझ्याच वयाचे, इन केलेला शर्ट, केसांना जेल. चौथे मामा. अख्खं वर्कशॉप त्यांना मामाच म्हणायचं, मीही इथं तेवढंच लिहितो. पन्नाशीचे, आधी मेकॅनिक, मग ॲडव्हायझर. गाडी गेटातून आत येतानाच आवाजावरून सांगायचे, "फुडचं डावं बेअरिंग गेलंय बघ."

गाडी सर्व्हिस होऊन गेली की तिसऱ्या दिवशी आमची टेलिकॉलर ग्राहकाला फोन करायची. पाच प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. आता हा फोन कसा चालायचा ते ऐका. जेलवाले तिघं डिलिव्हरी देतानाच सांगायचे, "साहेब, परवा फोन येईल, पाचपैकी पाचच सांगा हं, चार सांगितलं तरी माझं इन्सेंटिव्ह जातं." वर एखादी पर्फ्यूमची बाटली डॅशबोर्डवर. ज्याच्याशी वाजलंय त्या ग्राहकाच्या जॉब कार्डवर एक आकडा चुकीचा मोबाइल नंबर टाकायची कलाही त्यांना अवगत होती. मामांना हे असलं मागणं भीक मागितल्यासारखं वाटायचं. ते किल्ली हातात द्यायचे आणि म्हणायचे, "काय वाटलं तर या परत." ग्राहक खरंच परत यायचे आणि आल्यावर मामांनाच शोधायचे.

शिवाय फोन उचलणार कोण? गाडी वडिलांच्या नावावर, नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या पोराचा. तो मीटिंगमधून कुजबुजत "हो हो, फाइव्ह" म्हणून फोन ठेवणार. गाडीचं तोंड त्यानं गणपतीत बघितलेलं. गळीत हंगामात कागल-शिरोळकडचा ऊसवाला दुपारी बारा वाजता फोन उचलत नाही, आणि टेलिकॉलरची वेळ अकरा ते चार. आणि प्रश्नाची भाषा? "आपण आमच्या सेवेबाबत अत्यंत समाधानी आहात, समाधानी आहात, की ना समाधानी ना असमाधानी?" एका आजोबांनी पलीकडून विचारलं होतं, "अत्यंत म्हंजे किती?" आपल्याकडं 'समाधानी' हा शब्द माणूस पोरीचं लग्न नीट पार पडलं की वापरतो, ऑइल बदलल्यावर नाही. आपली खरी स्केल 'भारी', 'बरं हाय' आणि शिवी.

तर मार्चमध्ये वर्षाचे आकडे काढले. तिघांची सरासरी ४.४ च्या आसपास, मामांची ४.१. पुण्याहून एक सल्लागार आले होते, त्यांनी ॲनोव्हा लावली. पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना निदान एवढा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या बरीच खाली. फरक सिग्निफिकंट, म्हणजे योगायोग म्हणून सोडता येणार नाही असा, सबब मामांचं इन्सेंटिव्ह कापा, अशी स्लाइड.

आणि मी उठलो. माझ्याकडं नवीन डिग्री होती. मी म्हटलं, सर, हा ऑर्डिनल, म्हणजे नुसत्या क्रमाचा, डेटा आहे. चार आणि पाचमधलं अंतर दोन आणि तीनमधल्या अंतराएवढंच आहे हे कुणी सांगितलं? स्टीव्हन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४६ मध्येच मोजमापाचे चार प्रकार पाडून सांगितलंय की क्रमाच्या आकड्यांची सरासरी काढायची नसते. लिकर्टनं १९३२ साली जी स्केल मांडली ती अनेक विधानांच्या गुणांची बेरीज होती, तुम्ही एकेका प्रश्नाला लिकर्ट स्केल म्हणताय. मीटिंगमध्ये शांतता. मालक माझ्याकडं बघतायत. मला वाटलं खासबागेत कुस्ती मारली.

रात्री घरी बसून क्रुस्कल-वॉलिस लावली, मग जोड्याजोड्यांनी मॅन-व्हिटनी. निकाल तोच. पी-व्हॅल्यू उलट आणखी लहान. सकाळी सल्लागार हसून म्हणाले, "म्हणजे आपण दोघं सहमत आहोत." माझ्या टेस्टमुळं त्यांची स्लाइड आणखी पक्की झाली.

तो तक्ता मीच छापून वर्कशॉपच्या बोर्डावर लावला. बार चार्ट. एक्सेलनं उभा अक्ष शून्याऐवजी वरूनच सुरू केला होता, मी तो देखणा दिसावा म्हणून नेमका ४.० वर आणून ठेवला. म्हणजे ४.१ चा खांब बोटाच्या पेराएवढा आणि ४.४ चा त्याच्या चौपट. मामा चहाचा कप घेऊन आले, चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"मर्दा, ह्यो बुटका खांब माझा व्हय?"

"होय, मामा."

"आन गेल्या म्हयन्यात ती तीनदा परत आल्याली गाडी मी घेतली, कोण हात लावंना म्हणून, ती ह्यात कुटं हाय?"

मी म्हटलं, "मामा, ते ह्यात येत नाही."

त्यांनी कप तिथंच टेबलावर ठेवला आणि गेले. इन्सेंटिव्ह कापलं. मे महिन्यात त्यांनी नोकरी सोडली.

जुलैत वॉरंटी क्लेम जुळवण्यासाठी मला सगळी जॉब कार्डं परत उघडावी लागली. त्यात प्रत्येक गाडीसमोर कामाचा प्रकार असतो: फ्री सर्व्हिस, पेड सर्व्हिस, रनिंग रिपेअर, रिपीट जॉब. सहज म्हणून फीडबॅकच्या शीटला जोडून बघितलं आणि पोटात गोळा आला. आकडे इथं समजायला सोपे, गोल करून देतो. मामांच्या १०० गाड्यांत ३० साध्या सर्व्हिसच्या, ७० तक्रारीच्या. साध्यांत २९ ग्राहकांनी चार किंवा पाच दिलेले, तक्रारवाल्यांत ४९ जणांनी. एकूण ७८. जेलवाल्या एकाच्या १०० मध्ये ९० साध्या, १० तक्रारीच्या. साध्यांत ८१ खूश, तक्रारवाल्यांत ६. एकूण ८७. आता टक्के काढा. साध्या कामात मामा ९७, तो ९०. तक्रारीच्या कामात मामा ७०, तो ६०. दोन्हीकडं मामा सरस, आणि बेरजेत मामा मागं. ह्याला सिम्प्सनचा पॅराडॉक्स म्हणतात. एम.एस्सी.ला मी तो पाठ करून लिहिलेला, मार्क पण पडलेले. मार्चच्या मीटिंगमध्ये तो माझ्या डोक्यात आला नाही, कारण डोक्यात स्टीव्हन्स भरला होता.

वर्क्स मॅनेजरला दाखवलं. "माणूस गेला आता, फाइल बंद कर." मी केली. तेही लिहून ठेवतो.

म्हणून मी म्हणतो की टी-टेस्ट की मॅन-व्हिटनी हे भांडण हुशार पोरांना गुंतवून ठेवायला आहे. दोन्ही टेस्ट शीटमध्ये जे आहे त्याच्यावरच चालतात, शीटमध्ये जे आलंच नाही ते दोघींनाही दिसत नाही. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' ह्या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून लँडन जिंकणार म्हणून छापलं. रूझवेल्टनं ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. वीस लाखांवर फॉर्म असून ही गत, तर आपल्या २१२ चं काय घेऊन बसलात. तुमचे २१२ कसे जमले? काउंटरवर बिल करताना भरून घेतले असतील तर जो काही न घेता बाहेर पडला तो त्यात नाही. सेल्समन शेजारी उभा असताना भरून घेतले असतील तर सरळ कचरा. आणि निम्मे हॉस्टेलवर बसून भरले असतील, तर हसू नका, मी असे प्रोजेक्ट बघितलेत, तर मग कुठलीही टेस्ट लावा, हरकत नाही.

फॉर्म खरे आहेत असं धरून चालू. सरासरी एकटी देऊ नका, पाचही पायऱ्यांवर किती टक्के ते द्या. ४.१ ही सरासरी जवळजवळ सगळ्यांनी चार दिल्यानं येते आणि बऱ्याच जणांनी पाच, थोड्यांनी एक दिल्यानंही येते. दुकानदाराला त्या एक देणाऱ्यांशी मतलब. चार-पाच देणाऱ्यांचं प्रमाण काढा आणि त्याच्यासोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा किती इकडं-तिकडं असू शकतो तो पट्टा) लिहाच. ढोबळ हिशेब: १ भागिले फॉर्मच्या संख्येचं वर्गमूळ. २१२ ला साधारण सात टक्के इकडं-तिकडं, शाखेमागं ७० असतील तर बारा. म्हणजे राजारामपुरी शाखा ८२ टक्के आणि शाहूपुरी शाखा ७६ टक्के असं आलं तर गप्प बसायचं, स्लाइड करायची नाही.

२३ प्रश्न आणि शाखांच्या तीन जोड्या म्हणजे ६९ टेस्ट. पाच टक्क्यांच्या पातळीवर, कुठंच काही फरक नसताना सुद्धा, तीन-चार ठिकाणी 'सिग्निफिकंट' येणारच. प्रोजेक्टच्या चौथ्या चॅप्टरमध्ये नेमक्या त्या तीन-चारांवर पानं भरलेली असतात. होल्मची दुरुस्ती (टेस्ट अनेक असल्या की पी-व्हॅल्यूची अट कडक करणारी) लावा, किंवा त्याहून बरं म्हणजे कुठले तीन-चार प्रश्न महत्त्वाचे ते डेटा बघायच्या आधीच ठरवा. मॅन-व्हिटनीला 'मीडियनची टेस्ट' (मीडियन म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) लिहू नका, सगळेच लिहितात. दोन्ही गटांतून एकेक जण डोळे मिटून उचलला तर एका गटातला दुसऱ्यातल्यापेक्षा वर असण्याकडं कल आहे का, एवढंच ती बघते. दोन्ही मीडियन ४ असूनही ती सिग्निफिकंट येऊ शकते, मग व्हायव्हात तोंड बघत बसाल.

क्रोनबाखचा अल्फा (फॉर्ममधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.९५ आला म्हणून पेढे वाटू नका. २३ प्रश्नांच्या फॉर्मवर माणूस उजवीकडच्या रकान्यात वरून खालपर्यंत टिका मारत गेला तरी अल्फा झकास येतो. त्याच कारणानं 'कुठल्या घटकाचा समाधानावर सर्वांत जास्त परिणाम' हे रिग्रेशननं (अनेक घटकांचा परिणाम एकदम मोजणाऱ्या मॉडेलनं) शोधायला गेलात की फसता. सगळेच घटक एकमेकांना चिकटलेले, दहा फॉर्म काढले की पहिला नंबर बदलतो.

दुकानदारानं एनपीएस, म्हणजे नेट प्रमोटर स्कोअर, मागितला तर द्या, २००३ पासून मालक लोकांना तो आवडतो. 'दुसऱ्याला आमचं नाव सांगाल का' ह्याला शून्य ते दहा गुण, ९-१० वाल्यांचे टक्के वजा ६ आणि खालच्यांचे टक्के. पण दोनशे फॉर्मांत ५० टक्के वरचे, २० टक्के खालचे असतील तर ३० हा स्कोअर खरं तर १९ ते ४१ मध्ये कुठंही असू शकतो. दर महिन्याला तो दोनानं वाढला म्हणून केक कापणारी ऑफिसं मी बघितलीत.

आणि मला विचाराल तर तुमच्यासाठी ऑर्डिनल लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे क्रमाच्या पायऱ्यांसाठीचं रिग्रेशन. सरासरीचं भांडण तिथंच मिटतं, आणि मुख्य म्हणजे शाखेच्या शेजारी 'ग्राहक कशासाठी आला होता' हे मॉडेलमध्ये घालता येतं. मॅककुला ह्या संख्याशास्त्रज्ञानं १९८० मध्ये मांडलेलं आहे, आर (R) ह्या सॉफ्टवेअरमध्ये 'पोल्र' (polr) नावाचं फंक्शन आहे, एसपीएसएस सॉफ्टवेअरमध्येही मेनूत मिळतं. तक्रार घेऊन आलेला आणि टीव्ही घ्यायला आलेला ह्यांना एका पारड्यात टाकून कुठली शाखा वाईट हे ठरवलंत, तर तुमच्या रिपोर्टमुळं कुठल्यातरी सर्व्हिस काउंटरवरच्या माणसाचा पगार कापला जाईल. विक्रीच्या काउंटरवरचा सुटेल.

थोडं वाजवी बोलायला हवं. त्या सल्लागारांची ॲनोव्हा चुकीची नव्हती, हे मी आता मान्य करतो. एवढ्या फॉर्मांवर सरासरी चालून जाते, अनेक प्रश्नांची बेरीज केली असेल तर आणखीच. फॉर्म फारच कमी असले किंवा सगळे पाचावरच गोळा झालेले असले तर मात्र रँकवाल्या टेस्ट (मॅन-व्हिटनी, क्रुस्कल-वॉलिस) नाहीतर वरचं मॉडेल बरं. तेच ग्राहक आधी आणि नंतर विचारलेले असतील तर वरचं सगळं सोडा, विल्कॉक्सन साइन्ड-रँक घ्या, ती जोडीच्या आकड्यांसाठीच आहे. आणि मॉडेलमध्ये सगळंच कोंबू नका, २१२ मध्ये पाच-सहा गोष्टींच्या वर झेपणार नाही.

मामांचं आता उद्यमनगरच्या अलीकडं स्वतःचं गॅरेज आहे. माझी गाडी तिथंच असते. तक्त्याचा विषय मी एकदा काढला होता. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बॅटरीचं पाणी बघत राहिले.

तुमच्या शीटमध्ये भेटीच्या कारणाचा रकाना आहे का, ते खाली लिहा. नसेल तर फॉर्मवर बिल नंबर असेल, दुकानाच्या बिलांशी जुळवून दोन दिवसांत तो रकाना भरता येईल. तेवढं झालं की टेस्ट कुठली ते बोलू.